माझ्या घरातले एकेचाळीस कारखाने

शेजारच्या बाईंना मी सरासरीबाई म्हणतो. तोंडावर अर्थात वहिनीच म्हणतो. त्यांच्या हातचा चहा मला दिवसाआड प्यायचा असतो, आणि तो चहा सोडण्याइतका मी अजून शूर झालेलो नाही. हे नाव त्यांच्या कानावर गेलेलं नाही अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. मग एकदा त्यांनीच माझ्या बायकोला सांगितलं, "भाऊजींनी विचारलं तर सांगा, सरासरीबाईंकडून साखर आणली." तेव्हापासून मी जिन्यात जरा हळू बोलतो.

वहिनी शहराच्या नियोजन कचेरीत आकडेमोडीच्या विभागात आहेत. कुठल्या भागात किती दुकानं, किती हातांना काम, किती हात रिकामे, पाणी कुठवर येतं, वीज कुठे अडते, हे सगळं गोळा करायचं आणि नकाशावर रंगवून साहेबांपुढे ठेवायचं. यजमान गेले तेव्हा त्या तिथे नुसत्या टायपिस्ट होत्या. दुसऱ्यांनी लिहिलेले तक्ते टाइप करता करता त्यातल्या बेरजा गुपचूप दुरुस्त करायच्या. एका साहेबांच्या ते लक्षात आलं. रागावायचं सोडून त्यांनी बाईंना आकड्यांच्या टेबलावर बसवलं. ते साहेब पुढे लवकर निवृत्त झाले. चांगले साहेब लवकरच निवृत्त होतात, ही कचेऱ्यांची जुनी खोड आहे.

कचेरीतली सवय घरी यायचीच. माझी बायको एकदा त्यांच्याजवळ कुरकुरली, "हे फार बोलतात हो." वहिनी शांतपणे म्हणाल्या, "अहो, तळमजल्यावरचे घड्याळवाले महिन्याकाठी दोन वाक्यं बोलतात. इमारतीची सरासरी बरोबर जमते." नाव पडलं ते तिथे. खरं म्हणजे सरासरी हा शब्द त्यांना अजिबात आवडत नाही. "सरासरीत काय हो," त्या म्हणतात, "तुमचं नि माझं मिळून बघितलं तर आपल्या दोघांच्याही डोक्यावर बऱ्यापैकी केस आहेत." माझं डोकं कसं आहे ते मी इथे सांगत नाही. एवढंच सांगतो की त्यावर माझी बायको जितकं हसली तितकं तिने हसायला नको होतं.

आता माझ्याविषयी. मी घरी असतो. पूर्वी माझा फोटो स्टुडिओ होता. लोकांच्या खिशात कॅमेरा आला आणि माझ्या पडद्यावरचा धबधबा आटला. आता मी जुने फोटो साफ करून देतो. कुणाच्या आजोबांच्या मिशीवरचा डाग काढ, कुणाच्या आत्याच्या गालावरची सुरकुती भर. उरलेला वेळ लोकसेवा. बायको इस्पितळात नर्स आहे, ती या लोकसेवेला चोंबडेपणा म्हणते.

माझी लोकसेवा मुख्यतः पार्सलांची होती. आमची इमारत हमरस्त्यावर आहे, आणि तिच्या पाठीला लागून एक गल्ली आहे. तिला नाव नाही. सगळे 'मागची' म्हणतात, म्हणजे समोरची कोण ते आपोआप ठरतं. त्या गल्लीत प्रत्येक घरात काही ना काही चालतं. कुणी पंखे दुरुस्त करतो, कुणी पुठ्ठ्याची खोकी करतं, एक जण चष्म्याच्या काड्या सरळ करून देतो. पण एकाही दारावर क्रमांक नाही. एका घराची दोन झाली, दोनांची चार झाली, क्रमांक बिचारा कुठल्या भावाकडे जाणार? गल्लीच्या तोंडाशी गटारावरची फरशी फुटलेली, त्यामुळे कुरियरवाल्याची स्कूटर आत जात नाही. आणि त्याच्या फोनमध्ये बघाल तर तिथे गल्लीच नाही, नुसती राखाडी जागा.

पहिलं पार्सल धाकटीचं आलं. धाकटी म्हणजे वहिनींची जाऊ. तीही मागच्या गल्लीत राहते आणि पिशव्या शिवते. चेनचं भलंमोठं रीळ होतं. पत्ता काय घालू म्हणून तिने विचारलं, मी म्हटलं, "माझ्या मार्फत घाल की." झालं. मग पंखेवाल्याने घातलं, मग खोकीवालीने, मग सगळ्या गल्लीने. सकाळी कुरियरवाला आला की माझ्या बाहेरच्या खोलीत गोदाम व्हायचं. बायको कपाळाला हात लावायची. मी मात्र खूश. पार्सल हातात घेऊन हलवून बघणं ही एक विद्या आहे, आणि माझा त्यात हात बसला होता. खडखडलं तर स्क्रू, सळसळलं तर कापड, गुपचूप राहिलं तर केसांचा कलप. चष्मेवाला केस काळे करतो हे त्याच्या बायकोच्या आधी मला ठाऊक होतं.

पुढे सरकारने छोट्या उद्योगांची नोंदणी काढली. तिथेही पत्ता हवा. गल्लीने तिथेही माझाच घातला. मला विचारलं होतं, नाही असं नाही. मी म्हटलं, "बिनधास्त घाला." हमरस्त्यावरचा पत्ता बघून बँकेतला माणूस नाक मुरडत नाही, आणि परगावच्या गिऱ्हाइकाला वाटतं की मोठं दुकान असेल. माझ्या घराला एवढी किंमत माझ्या सासऱ्यांनीही कधी दिली नव्हती.

वहिनी दिवसभर कचेरीत असायच्या. संध्याकाळी त्या येईपर्यंत बहुतेक पार्सलं आपापल्या घरी गेलेली असायची. उरलीसुरली बघून त्यांना वाटायचं की माझीच मागवामागवी चालते. मीही ते कधी खोडून काढलं नाही. घरी बसलेल्या माणसाला तेवढीच प्रतिष्ठा.

तर अशात कचेरीत नवी योजना आली. तिचं नाव होतं 'समन्यायी स्थानिक विकास'. मी म्हटलं, वहिनी, हे नाव उच्चारायलाच एक अनुदान लागेल. त्यांनी समजावलं. आजवर नवी वीज, नवा रस्ता, कामाची शेड, जे काही आलं ते ज्याचा आवाज मोठा त्याच्या दारात गेलं. आता तसं नाही. शहराचे आकडे घ्यायचे, नकाशा करायचा, आणि जिथे काम करणारे हात दाटीने आहेत पण सोय नाही, तिथे आधी द्यायचं. पहिल्या फेरीत मोठ्या दाबाची वीज, तीही शहरात एकाच ठिकाणी.

ही वीज कुणाला हवी होती ते गल्लीला विचारायची गरज नव्हती. धाकटीने शाळेची दप्तरं शिवायची मोठी ऑर्डर धरली होती. त्यासाठी जाड कापडात सुई घालणारं भारी मशीन घेतलं. ते आणलं त्या दिवशी पायाने दाबलं मात्र, अख्ख्या गल्लीचे दिवे गेले. पंखेवाला शिडीवर होता. तो काय बोलला ते मी ऐकलंय, लिहीत नाही. तेव्हापासून मशीन चादरीखाली झाकलेलं. शाळा उघडायच्या आत वीज आली तर ऑर्डर तिची. नाही आली तर ऑर्डर परत, मशीन विकायचं, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कारखान्यात हजेरीवर जायचं. तिने हे मला अगदी साध्या आवाजात सांगितलं होतं. एरवी तिचा आवाज साधा नसतो.

या दोघी जावांचं एक सांगायला हवं. त्यांच्यात भांडण नव्हतं, मान होता. मान म्हणजे वर्षानुवर्षं न बोललेलं भांडण. घराची वाटणी झाली तेव्हा थोरल्याला समोरची जागा आली आणि धाकट्याला मागची. कुणीच काही बोललं नाही, आणि ते न बोललेलं अजून जिन्यात उभं असतं.

वहिनींनी तो नकाशा महिनोन्महिने खपून केला. बैठकीत आताचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "हे काम बाईंचं आहे." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्या दिवशी चहाबरोबर क्रीमची बिस्किटं आली, आणि मागोमाग नकाशाही आला. मी चष्मा लावून वाकलो. शहरभर फिकट रंग, आणि आमच्या बाजूला एक गच्च जांभळा ठिपका.

"हे काय हो?"

"तेच तर," वहिनी खुलून म्हणाल्या. "एका जागी एकेचाळीस उद्योग. पत्ते यंत्र वाचतं, माझ्याकडे नुसते ठिपके येतात. हमरस्त्याची बाजू आहे. कुणीतरी जुनी वखार पोटभाड्याने दिली असणार. शहरात इतकी दाटी दुसरीकडे कुठेच नाही. वीज तिथेच जायला हवी."

"एवढ्या दाटीत कशी हो काम करत असतील माणसं," मी म्हटलं, आणि हळहळून दुसरं बिस्किट घेतलं.

"आणि मागची?" मी विचारलं.

मागची गल्ली नकाशावर कोरी होती, धुतलेल्या पाटीसारखी. वहिनींचा चेहरा जरा उतरला. "धाकटीला दोनदा सांगितलं, नोंदणी कर. केली म्हणाली. केली असती तर दिसली नसती का? आता मी माझ्या हाताने ठिपका काढायचा की काय तिच्यासाठी?"

मी तिथेच, त्याच खुर्चीत, खिशात धाकटीच्या पार्सलाची पावती घेऊन बसलो होतो. काखेत कळसा म्हणतात तो हाच. पण माझं डोकं चाललं नाही. तोंडात बिस्किट असताना ते चालत नाही.

काही दिवसांनी सकाळी आमच्या फाटकाशी खड्डा खणायला माणसं आली. ट्रान्सफॉर्मर बसणार होता. "कशासाठी?" मी विचारलं. "इथल्या कारखान्यांसाठी," मुकादम म्हणाला. मी इकडेतिकडे बघितलं. कारखाना दिसेना. पण फुकटची वीज येत असेल तर कारखाना शोधायला मी काही वेडा नव्हे. वर जाऊन मी मसाला वाटायला मिक्सर लावला. आमच्या मिक्सरचा आवाज असा की बायको म्हणते, मसाला भीतीनेच बारीक होतो.

तेवढ्यात खाली गाड्या थांबल्या. जिन्यात पावलं वाजली, आणि कुणाचा तरी उत्साही आवाज आला, "बरोबर आहे साहेब, हीच जागा. यंत्र चालू आहे, ऐकू येतंय."

दार उघडंच होतं. पुढे विजेचा इंजिनिअर, हातात फोन धरून जांभळ्या ठिपक्याच्या मागे मागे आलेला. त्याच्यामागे साहेब. मी बनियनवर, हाताला मसाला.

"आपण इथले कारखानदार?" साहेबांनी विचारलं.

आता बघा. वय झालं, स्टुडिओ बुडाला, सासरे गेले ते मला नोकरीचं विचारतच गेले. असल्या माणसाला एक साहेब दारात येऊन कारखानदार म्हणतो. मी म्हटलं, "या ना, बसा."

बाहेरच्या खोलीत त्या दिवशी माल बरा होता. चेनची रिळं, पुठ्ठ्याचे गठ्ठे, तांब्याच्या तारेची भेंडोळी. साहेबांनी सगळं न्याहाळलं आणि इंजिनिअरला म्हणाले, "बघा, एवढ्याशा जागेत केवढा कच्चा माल. यांनाच गरज आहे." मी नम्रपणे मान लववली. काय करणार, जमून गेली.

मग मला दारात वहिनी दिसल्या. त्या दुसऱ्या गाडीतून मागून आल्या होत्या. आपलाच जिना चढून, आपल्याच दारावरून पुढे होऊन त्या माझ्या दारात उभ्या होत्या. नजर एकदा रिळांवर, एकदा माझ्यावर, एकदा मिक्सरवर.

"भाऊजी, हे सगळं कुणाचं?"

"मागच्यांचं," मी म्हटलं. "माझ्या मार्फत येतं ना."

"आणि नोंदणीत पत्ता?"

"माझ्या मार्फतच."

वहिनींनी डोळे मिटले. नंतर त्यांनी सांगितलं की यंत्रात भरताना 'मार्फत'साठी रकानाच नव्हता. पत्ता तेवढा राहिला आणि मार्फत गळून गेलं. त्यांनी डोळे उघडले आणि साहेबांकडे वळल्या. "साहेब, हे माझ्या शेजारचं घर आहे. इथे कारखाना नाही. इथे एक मिक्सर आहे, आणि त्याचं भांडं गळतं. उद्योग आहेत ते मागच्या गल्लीत. माझा नकाशा चुकला."

साहेबांनी खिडकीतून खालच्या खड्ड्याकडे बघितलं. नकाशा वरपर्यंत गेलेला, खड्डा खणलेला. शेवटी म्हणाले, "बाई, नियमाने पत्ता बघायचा असतो. पत्ता इथलाच आहे ना? मग चुकलं कुठे?" आणि जाता जाता जिन्यात, हळू आवाजात, "आक्षेप असेल तर सुनावणीत मांडा. पण मागच्या गल्लीत तुमचं कुणी आहे का?"

"जाऊ आहे."

"मग नीट विचार करा," साहेब म्हणाले.

संध्याकाळी वहिनींनी धाकटीला माझ्याच घरी बोलावलं. स्वतःच्या घरी बोलावलं असतं तर मान मध्ये आला असता. माझ्या घरात मानाला बसायला जागा नव्हती, सगळीकडे पुठ्ठे.

वहिनी आधी स्वतःवरच हसल्या. "दिवसाआड भाऊजी माझ्याकडे चहा पितात, दिवसाआड मी इथे. माझ्या भिंतीपलीकडे एकेचाळीस कारखाने, आणि मला म्हणे कळलं नाही. खडखड ऐकू आली तर मी समजायची, भाऊजी घोरताहेत."

धाकटी हसली नाही. "म्हणजे मी नोंदणी केलीच नाही असं वाटत होतं तुम्हाला."

"वाटत होतं."

"आणि मला वाटत होतं, तुम्ही मुद्दामच आम्हाला कोरं ठेवलंत. समोरचे ते समोरचे."

नुकतीच ड्यूटीवरून आलेल्या माझ्या बायकोने पुठ्ठे सरकवून दोघींच्या मध्ये चहा ठेवला.

मग वहिनींनी उपाय सांगितला. गल्लीने आपले पत्ते बदलायचे. खरे घालायचे, मागच्या गल्लीचे. सुनावणीच्या आत.

"नाही जमायचं," धाकटी म्हणाली. "ताई, तुम्ही त्या पत्त्यावर कधी काही मागितलंय का? दप्तरवाला दुकानदार मला हमरस्त्यावरची समजतो, म्हणून त्याने ऑर्डर दिली. चष्मेवाल्याचं कर्ज बँकेत या पत्त्यावर मंजूर झालंय. मागची म्हटलं की लोक आधी गटार बघतात, मग काम. तुमच्या नकाशासाठी मी माझं गिऱ्हाईक घालवू?"

"पत्ता तुमचा नाही, म्हणून वीज तुमची नाही," वहिनी म्हणाल्या.

"आणि पत्ता माझा असला तर गिऱ्हाईक माझं नाही. सांगा आता, यातली सरासरी कोणती काढू?"

मी मध्येच म्हटलं, "पार्सलं मात्र इथेच येऊ द्या, मला काही त्रास नाही." दोघी जावांनी एकाच वेळी माझ्याकडे जे बघितलं, त्यात त्यांची बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा एकवाक्यता दिसली.

पुढच्या आठवड्यात खांब उभा राहिला. जाडजूड तार आली आणि बरोबर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत येऊन गुंडाळून ठेवली गेली. दाराशेजारी मीटरसाठी लोखंडी पेटी बसली. एवढी मोठी की कुणाला वाटावं, आत माणूस राहतो. सुनावणी झाली की जोडणार म्हणे.

धाकटी सुतळीची गुंडाळी न्यायला आली ती त्या पेटीपुढेच थांबली. मग आत येऊन तिने खिडकीतून तार बघितली. मग मिक्सर बघितला. त्याचं भांडं नेहमीप्रमाणे ओट्यावर गळत होतं.

"ही माझ्या मशीनसाठी निघालेली वीज," ती म्हणाली.

"हो."

"आणि इथवर येऊन थांबली."

मला काही विनोदी सुचेना. सुचेना म्हणजे अगदीच सुचेना. पार्सल घेऊन ती जिना उतरली, आणि अर्ध्यातून परत वर आली. "भाऊजी, यापुढे माझ्या नावाचं काही आलं तर घेऊ नका. इथे राहत नाही म्हणून सांगा."

बायकोने रात्री विचारलं, "जेवला का नाहीत?" मी म्हटलं, भूक नाही. कारखानदाराचा पहिला कारखाना बंद पडला होता.

सुनावणी वॉर्डाच्या सभागृहात होती. घडीच्या खुर्च्या, घरघरणारा माइक, आणि समोर भिंतभर तो नकाशा. मधोमध माझं जांभळं घर. हमरस्त्यावरचे दोन-तीन दुकानदार खुशीत बसले होते. ट्रान्सफॉर्मर दारात आला की त्यांचेही एसी जोरात चालणार होते.

वहिनी उठल्या. इस्त्रीची साडी, हातात कागद, पण कागदाकडे त्यांनी बघितलंच नाही.

"हा नकाशा मी केला, आणि तो चुकीचा आहे. मी पत्ता मोजला, काम मोजलंच नाही. ज्या जागी एकेचाळीस उद्योग दाखवलेत तिथे मी गेली कित्येक वर्षं चहा पिते आहे. ती दोन खोल्यांची जागा आहे. आणि ही जी कोरी गल्ली दिसते, तिच्यातूनच ते उद्योग आलेत. असा नकाशा ठेवला तर ज्यांच्यासाठी योजना आहे त्यांच्याच दारावरून वीज पुढे जाईल."

साहेबांनी घसा साफ केला. "त्या गल्लीत तुमची जाऊ राहते."

"राहते. तिला वीज हवी आहे, आणि तिला मिळाली तर मला आनंद होईल. म्हणूनच गल्लीची मोजणी मी करणार नाही. दुसऱ्या विभागातल्या कुणालाही पाठवा. दारोदार जाऊ दे, आत काय चालतं ते बघू दे. माझा आकडा धरू नका."

मग साहेबांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. "आपण त्या दिवशी आम्हाला बसवलंत. आपण कारखानदार आहात ना?"

मी उभा राहिलो. अख्खी गल्ली मागे वळून बघत होती. मी म्हटलं, "साहेब, मी फोटोग्राफर होतो."

"आता?"

"आता काही नाहीत," मागून माझ्या बायकोचा स्वच्छ आवाज आला. सभागृह हसलं. घड्याळवालेही हसले, म्हणजे त्या महिन्याची त्यांची दोन्ही वाक्यं खर्ची पडली.

"पण पत्ता बदलायला कुणी तयार आहे का?" साहेबांनी विचारलं. "नोंदच नसेल तर मोजायला पाठवू कुणाला, आणि कुठे?"

चष्मेवाला आपल्या चपलेकडे बघत होता. वहिनी उभ्याच होत्या, आणि त्यांनी जावेकडे वळूनही बघितलं नाही. मला वाटतं, त्यांनी बघितलं असतं तर धाकटी उठली नसती.

धाकटी उठली. "पिशव्या शिवते. मागची गल्ली, नळाच्या पुढे, निळं दार. क्रमांक नाही. तुम्ही द्या." आणि खाली बसण्याआधी, "गटारावरची फरशीही लिहून घ्या."

मग पंखेवाला उठला, मग खोकीवाली, मग आणखी काही. सगळे नाही. चष्मेवाला शेवटपर्यंत बसून राहिला. मी त्याला दोष देत नाही. कर्ज आणि कलप या दोन गोष्टी माणूस चव्हाट्यावर आणत नाही.

दुसऱ्या विभागातून एक तरुण बाई आली. गल्लीत दिवसभर फिरली, प्रत्येक दारात उभी राहिली, आणि एकेचाळिसाहून जास्तच निघाले. ज्यांनी कधी नोंदणीच केली नव्हती तेही सापडले. एका घरात तर आजीबाई बटणं लावून देत होत्या, गल्लीलाही ठाऊक नव्हतं. म्हणजे मलाही ठाऊक नव्हतं. हे मला जिव्हारी लागलं, कारण बटणांचं पार्सल कधी माझ्या हातातून गेलंच नव्हतं.

ट्रान्सफॉर्मर मागे गेला. माझ्या खिडकीतली तार गुंडाळी सोडून भिंतीवरून पलीकडे उतरली. फाटकाचा खड्डा बुजवायला मात्र कुणी आलं नाही. मी वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "नोंद नाही." मग एकदा संध्याकाळी मी त्यात पडलो, आणि नोंद झाली.

दप्तरवाला दुकानदार माल बघायला आला तेव्हा धाकटीने त्याला सरळ मागच्याच वाटेने नेलं. फरशी अजून फुटकीच होती. त्याने पँट वर धरली, आत आला, चालू मशीन बघितलं आणि ऑर्डर कायम ठेवली. दुसरं एक गिऱ्हाईक गटारापाशीच थांबलं आणि परत फिरलं. धाकटी म्हणाली, "एक गेला, एक राहिला. ताई, सरासरी काढा." वहिनींनी काढली नाही.

नवा नकाशा आता साहेबांच्या खोलीत लागला आहे. त्यावर नाव त्या तरुण बाईचं. वहिनी म्हणतात, बरं झालं, बोलणी खायला आता तीच पुढे. पण चहाबरोबर क्रीमची बिस्किटं नव्हती त्या दिवशी. कचेरीत जाताना मात्र त्यांच्या खांद्याला एक नवी पिशवी असते, निळ्या कापडाची, दुहेरी शिलाईची. विकत घेतली का म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "तुम्ही सांगा ना, तुम्हाला सगळं कळतं."

कळत नाही, हीच तर पंचाईत. कुरियरवाला आता माझ्या दारावरून खाली मान घालून जातो. गल्लीला क्रमांक आलेत, त्याच्या फोनात गल्ली आली आहे. "माझं काही?" मी विचारतो. "काका, तुमचं काही नाही," तो म्हणतो. नव्या नकाशात माझं घर कोरं आहे. वहिनींनी मला मुद्दाम बोट ठेवून दाखवलं.

गेल्या आठवड्यात मिक्सरच्या गळक्या भांड्याने राम म्हटलं. मी नवं भांडं मागवलं. पण आमच्या इमारतीत कुणी काही मागवत नाही, म्हणून कुरियरवाला इथे थांबतच नाही. दोनदा पार्सल परत गेलं. शेवटी नाइलाजाने मी पत्त्यात लिहिलं, मार्फत धाकटी, मागची गल्ली, निळं दार.

आणायला गेलो तेव्हा मशीन जोरात चालू होतं, आणि गल्लीतले दिवे जागच्या जागी होते. धाकटीने पाय न थांबवता कोपऱ्यातल्या खोक्याकडे मान केली.

"ते घ्या भाऊजी. मिक्सरचं भांडं आलंय, आणि सोबत काहीतरी लहानसं आहे. बाटली."

"उघडलंस?"

"छे. हलवून बघितलं," ती म्हणाली. "कलप आहे ना? पण लावणार कुठे?"